भूकंप बघायला गेलेले सर

सर कुणाच्याही घरी आले की आधी चपला काढत आणि मग विचारत, "उत्तर कुठाय?"

घरचा माणूस गोंधळायचा. कुणी दाराकडे बोट दाखवायचा, कुणी देव्हाऱ्याकडे. एका नव्या सुनेने घाबरून मोरी दाखवली होती. सर मान हलवत, खिडकीतून उन्हाचा अंदाज घेत, खुर्ची उचलून फिरवत आणि उत्तरेकडे तोंड करून बसत. त्यांना चहा देणाऱ्याने वळसा घालून समोर जायचं, ही आमच्या गल्लीची रीतच झाली होती. माझे वडील गेले तेव्हा सर भेटायला आले, बराच वेळ हात जोडून उभे राहिले आणि जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "तुमची उत्तर जराशी ईशान्येला सरकलीय बरं का." रडता रडता मला हसू फुटलं. आत्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

सर भूगोल शिकवायचे. तुम्ही लातूरचे नसाल तर हे तुम्हाला साधं वाक्य वाटेल. पण आमच्याकडे तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. गल्लीबोळांत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि मॅथ्सच्या पाट्या लागल्या होत्या आणि परभणीपासून उस्मानाबादपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन येऊन राहिली होती. ज्याच्याकडे एक खोली जास्तीची, तो होस्टेल काढायचा. ज्याच्या बायकोच्या हाताला चव, तो मेस काढायचा. ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं त्याने, म्हणजे मी, झेरॉक्सचं मशीन घेतलं आणि त्याच टपरीत एसटीडीचा फोन बसवला. ते चार विषय माझ्या मशीनवर दिवसभर फिरायचे. भूगोलाचं पान कुणी कधी आणलं असेल तर ते चुकून. सर मात्र रोज संध्याकाळी यायचे, माझ्या काउंटरवर टेकायचे (उत्तरेकडे तोंड करून) आणि जगातल्या एखाद्या नदीची खबर द्यायचे. स्वतः ते सोलापूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. गाव त्यांचं नायगाव, नोकरी लातूरला, सासुरवाडी किल्लारीच्या अंगाला.

त्या सासुरवाडीतच ते घडलं. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे गावं गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरांचा धाकटा मुलगा सोन्या तेव्हा आजोळी होता. पाच वर्षांचा. दगडमातीचं माळवद खाली आलं तेव्हा मामाने त्याला कुशीत घेतलेलं होतं, म्हणून पोरगं राहिलं. मामा राहिला नाही. याहून जास्त सरांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

त्यानंतर सोन्या छताखाली झोपेना. जेवायचा, खेळायचा, शाळेत दाराजवळ बसायचा, पण डोळे मिटायची वेळ आली की बाहेर. आधी आमची अख्खी गल्लीच बाहेर ताडपत्र्या टाकून झोपत होती, त्यामुळे ते उठून दिसलं नाही. मग थंडी पडली, एकेक घर आत गेलं, आणि अंगणात फक्त सर आणि सोन्या उरले. पावसाळा आला तेव्हा शेजारच्या चाचांनी तोड काढली. चाचा डाळमिलची पोती वाहायचे. त्यांचा टेम्पो जुना होता, वर कमानींवर ताडपत्रीचा हूड. त्यांनी तो सरांच्या दारात लावला.

"ये बेटा, हितं झोप," चाचा म्हणाले. "हे छत न्हाई, कापड हाय. अन् चाकं असत्यात ना, जमीन हालली तरी गाडीला कळत न्हाई."

सोन्याने हूडला हात लावून बघितला, चाकांना लाथा मारून बघितल्या, आणि तो चढला. त्या दिवसापासून सर आणि सोन्या टेम्पोत, वहिनी आणि मंजू घरात. मंजू मोठी, नववीत. सकाळी चाचा पोती भरायला यायचे तेव्हा आधी पांघरुणं उतरवायचे.

डॉक्टर झाले, दर्ग्यावरचा गंडा झाला, तुळजापूरची भवानी झाली. आणि एक दिवस सर माझ्या काउंटरवर टेकून म्हणाले, "पोरान्ला घेऊन जगाच्या सफरीला जावं म्हणतो."

मी मशीनचं झाकण तसंच उघडं ठेवलं.

"हे बघा," ते म्हणाले, "जगात असे देश हायेत जिथं जमीन सारखी हालतीय. तरी लोक घरं बांधतेत, पांघरूण घेतेत अन् झोपतेत. मी हे वर्गात लई वर्षं शिकवलं. सोन्याला सांगून पटंना. त्याला एकदा डोळ्यांनी दाखवायचंय. बाकी मला जगाशी काय करायचंय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी उगाच कागदांचा गठ्ठा सारखा करत राहिलो. माणूस वेडा आहे असं मला वाटलं, आणि माझ्या पोराला असं काही झालं असतं तर मला हे सुचलं नसतं, असंही वाटलं.

जायचं ठरलं जपानला. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. सरांच्या ओसरीवर बसून त्याने विचारलं, "कशासाठी चाललात?"

"पोरान्ला दाखवायला."

"कुणाकडं?"

"कुणाकडंच न्हाई."

हवालदाराने टोपी काढली. आमच्या मुलखात माणूस लग्नाला जातो, मौतीला जातो, कोर्टात जातो, देवाला जातो. कुणाकडेच न जाणारा माणूस त्याने नोकरीत पहिल्यांदा पाहिला होता. "सर, कुणाचं तरी नाव सांगा हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "मला बी वर उत्तर द्यावं लागतंय."

पुढे कळलं की जपानवालेही तेच विचारतात, तिथला कुणी बोलावणारा लागतो. मग गल्ली जपानात नातेवाईक शोधायला लागली. दुबईत निघाले, मस्कतला निघाले, उदगीरच्या एका बाईचा दीर आफ्रिकेत निघाला. जपानात कुणी निघेना. गल्लीला याची फार नामुष्की वाटली. शेवटी सरांनी नकाशावर बोट पश्चिमेला सरकवत आणलं आणि नेपाळवर ठेवलं. तिथंही जमीन हलते, पासपोर्ट लागत नाही आणि टेम्पो जातो.

सरांनी साठवलेली सगळी रजा टाकली. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, तेव्हा चाचा निघाले. चाची वारल्यापासून ते तसेही एकटेच होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, जग कुठपर्यंत हाय तेवढं सांगा, म्हंजे डिझेलचा अंदाज येतो."

लातूर खवळलं. नववीतली पोरगी वर्षभर बाहेर काढायची! आमच्या गावात तान्ह्या पोराची पत्रिका करतानाही बारावी कधी येते ते बघतात. मुख्याध्यापक समजावून गेले. मंजूची मावशी येऊन रडून गेली. वहिनींना मी विचारलं, तर त्या भाकऱ्या बडवता बडवता म्हणाल्या, "भाऊजी, मला जग नको अन् काय नको. सोन्या आत झोपला तर मी ह्या चुलीपुढं बसून जग बघीन. पर ह्यांना जाऊ न्हाई दिलं तर हे बी झोपायचे न्हाईत."

पण एकदा जाणार हे पक्कं झालं, आणि विरोध करणारेच पहाटेपासून पिशव्या घेऊन दारात. कारण आमच्याकडे कुणी गावाला निघालं की त्याने रिकाम्या हाताने जाणं हा शेजाऱ्यांचा अपमान असतो.

"सर, जातच आहात तर नागपूरला आमच्या ठकीला एवढी शेंगदाण्याची चटणी."

"जातच आहात तर भिलाईला. वाटंतच हाय की. तूरडाळ हाय, आपल्या मिलची. तिकडची शिजत न्हाई म्हणतो जावई."

मग खारोड्या, ज्वारीचं पीठ, बाळंतिणीचे लाडू. मुख्याध्यापकांनी मेव्हण्यासाठी लोणच्याची बरणी दिली. मावशीने रडणं थांबवून लेकीसाठी लाकडी पाळणा दिला. गोरखपूरला रेल्वेत असलेल्या कुणासाठी पाटा-वरवंटा निघाला. मी नुसता बघणाऱ्यातला नाही, मीही सिलिगुडीच्या बहिणीसाठी तुपाचा डबा ठेवला. सरांनी भिंतीवरच्या नकाशावर महिनाभर बसून आखलेला मार्ग गल्लीने एका सकाळी बदलला. चटणी जिकडे, जग तिकडे. निघताना टेम्पोत सामान इतकं होतं की मंजू पाळण्यात बसली होती आणि वहिनी पाट्यावर.

मग माझ्या टपरीत फोन यायला लागले. फोन आला की मी ओरडायचो आणि गल्ली धावायची. सर पलीकडून सांगायचे, "इथं कर्कवृत्त लागलं!" आणि इकडून मावशी रिसीव्हर हिसकावून विचारायची, "पाळणा पोचला का?"

पाळणा पोचला. पण प्रत्येक घरी एक नवीनच अडचण. लेकीच्या गावचं माणूस दारात आलंय, टेम्पो भरून आलंय, आणि रात्री घरात झोपत नाही म्हणजे काय? भिलाईच्या जावयाला फार लागलं. "आमचं घर काय पडाऊ हाय का?" असं तो म्हणाला. सरांनी त्याला बाजूला घेऊन सोन्याचं सांगितलं. जावई आत गेला, आणि स्वतःची गादी, बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई घेऊन बाहेर आला. अख्खं घर टेम्पोभोवती झोपलं. चाचा म्हणायचे, तिथून पुढं बातमीच पसरली. गोरखपूरला पोचायच्या आधीच पाटा-वरवंट्याच्या धन्याने अंगणात सतरंज्या घातलेल्या होत्या.

अशी गल्ली वाटत वाटत ही मंडळी नेपाळात शिरली, आणि तिथं सरांची खरी पंचाईत झाली. भूकंप होईना. कुणाला वाघ दिसत नाही, कुणाला हिमशिखर दिसत नाही, तसा सरांना भूकंप मिळेना. डोंगरातल्या एकेका गावात टेम्पो लावून ते आठवडा आठवडा वाट बघायचे. मंजूने नेपाळी शिकून घेतली, वहिनींनी तिथल्या बायकांना ज्वारीची भाकरी थापायला शिकवली, पीठ संपल्यावर मक्याची. सर सगळ्यांना भूकंप कधी येतो म्हणून विचारत फिरायचे.

"लोकान्ला वाटलं सर जोतिषी हायेत," चाचा मला नंतर सांगत होते. "हात दाखवाया यायचे. सर इचारायचे, जलजला कब आता है? एक म्हातारा बोलला, आता है साहब, मगर बुलाने से नहीं आता."

फोन आला की गल्ली आता चटणीचं विसरून विचारायची, "झाला का?" आणि सर पडलेल्या आवाजात म्हणायचे, "न्हाई अजून." मावशीने भूकंप होण्यासाठी नवस बोलायला काढला. तिला आम्ही आवरलं.

शेवटी झाला. पण कसा झाला बघा. डोंगरातला रस्ता, खड्ड्यांनी भरलेला, टेम्पो खडखडत चाललेला. एका वळणावर जरा जास्त हेलकावे बसले. सर पुढे चाचांच्या शेजारी होते, ते म्हणाले, "चाचा, हळू!" पुढच्या गावात पोचले तर सगळं गाव घराबाहेर उभं. बायका हसतायत, पोरं उड्या मारतायत. सरांनी विचारलं काय झालं, तर म्हणाले, भूकंप! आत्ताच झाला की, तुम्हाला नाही कळला?

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "चाचा, तुम्ही भूकंप खड्डा म्हणून पार केलात!"

"आता मला काय म्हाईत?" चाचा म्हणाले. "म्या आधीच बोल्लो हुतो, चालत्या गाडीत कळत न्हाई."

भांडण जुंपलं. वहिनी मध्ये पडल्या. या गडबडीत सोन्या टेम्पोतून उतरून रस्त्याच्या कडेला उभा होता. गावातले लोक एकेक करून घरांत परत चालले होते. एक बाई तान्हं पोर खांद्यावर टाकून आत गेली, तिने उंबऱ्याशी पांघरूण झटकलं आणि पोराला आत निजवलं. सोन्याने सरांची बाही ओढली.

"बाबा, हे आत का चाललेत?"

सर भांडण सोडून वळले. इतकी वर्षं शिकवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, असं ते मला म्हणाले. "चुलीवर भात हाय ना त्यांचा," ते म्हणाले. "करपंल."

सोन्याने यावर विचार केला. आणि रात्री टेम्पोतच झोपला.

पुढच्या पावसाळ्यानंतर ते परत आले. गल्लीने हार आणले होते. किती देश झाले असं विचारलं तर सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "अडीच." नेपाळ एक, भूतानचं सीमेवरचं गाव दुसरं, आणि बांगलादेश अर्धा, कारण तिथं फाटकापर्यंतच सोडलं. माझ्या बहिणीच्या तुपाची पोच मिळाली. मंजू पुन्हा नववीत बसली, आणि ती काही बुडाली नाही. पुढे विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली. सोन्या मात्र आला तसा टेम्पोत झोपायला गेला. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण पाठीमागे म्हणायचे, सर गेले जग फिरून आले, अन् पोरगं तिथंच हाय. सरांनाही ते कळत होतं. ते माझ्या टपरीत यायचे, पण नद्यांविषयी बोलायचे नाहीत.

सर मागच्या वर्षी गेले. त्यांच्याविषयी लोक अडीच देशांचीच गोष्ट सांगतात आणि हसतात. हसावं, हसण्यासारखीच आहे. पण सरांनी एकदा साऱ्या गल्लीत पेढे वाटले होते. लातुरात पेढे फक्त मेरिटला वाटतात, त्यामुळे जो तो विचारत होता, कितवा आला? ते पेढे कशाचे होते हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

सफरीहून परतल्यावर काही वर्षांनी स्कॉलरशिपच्या एका क्लासने सरांना सामान्य ज्ञानाचा तास दिला होता. दुपारचा, कारण दुपारी गणित कुणाच्या डोक्यात जात नाही. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, वर सिमेंटचा स्लॅब, खाली बाकांवर खचाखच पोरं. सोन्याही होता, दाराजवळच्या बाकावर. मी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन जिना चढून आलो आणि दारातच थांबलो. सर नेपाळच्या नद्या सांगत होते आणि सोन्या बाकावर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपला होता.

भूगोलाच्या तासाला पोरं झोपतात, त्यात नवल काही नाही. पण सरांचं आणि माझं त्याच्याकडे एकदमच लक्ष गेलं. त्यांच्या हातातला खडू थांबला, आवाज थांबला नाही. तो हळूहळू खाली आला. आवाज तुटला तर पोरगं जागं होईल, एवढंच त्या माणसाला कळत होतं. नेपाळ संपला. भूतान लवकर संपलं. बांगलादेश तर अर्धाच होता. शिपाई घंटेकडे निघाला, त्याला मी हाताला धरून थांबवलं. जिन्यावर पुढची बॅच वह्या घेऊन उभी राहिली आणि तिच्या पुढे गणिताचे मास्तर, घड्याळ बघत. हा माणूस उशिरा आलेल्या पोराला दार उघडत नसे. मी सोन्याकडे बोट दाखवलं. मास्तर आमच्याच गल्लीतले. त्यांनी एकदा सोन्याकडे बघितलं, एकदा वरच्या स्लॅबकडे बघितलं, आणि ते पायरीवर बसले.

सरांकडचं जग आता संपलं होतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि एसटीचे थांबे सुरू केले.

"लातूरहून निघालं की चाकूर," ते अगदी हळू म्हणाले. "चाकूरच्या पुढं अहमदपूर. मग लोहा. मग नांदेड, तिथं गोदावरी."

वर्गातलं एकही पोर हललं नाही. सर नांदेड ओलांडून आपल्या नायगावला पोचले, तरी थांबले नाहीत. डोळ्यांतून धारा लागलेल्या होत्या आणि आवाज अगदी शांत होता.

"नायगावच्या पुढं देगलूर," ते म्हणाले. "देगलूरच्या पुढं आंध्र लागतो. तिथून पुढं बी रस्ता हाय."